नव्या गाडीचा भाव: पहिल्या कोटेशनपासून पासिंगच्या पावतीपर्यंत

गेल्या वर्षभरात पुण्यातल्या माझ्या ओळखीतल्या चौघांनी नवी गाडी घेतली. चौघांनीही मला फोन केला, पण बुकिंगचे पैसे भरून झाल्यावर. "आता काही कमी होईल का?" या प्रश्नाला तेव्हा फारसं उत्तर उरलेलं नसतं. भाव बुकिंगच्या आधी ठरतो आणि तो बेरजेवर ठरतो. 'डिस्काउंट किती' हा प्रश्न घेऊन शोरूममध्ये गेलं की तीस हजार सुटल्याचा आनंद होतो, आणि विमा, ॲक्सेसरीज, हँडलिंग (गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा आकार) यांतून तेवढेच पैसे परत जातात.

म्हणून खालचा क्रम पाळा. यातल्या पायऱ्या अवघड नाहीत. चुकतो तो क्रम.

१. शोरूमला जाण्याआधी: वहीतलं एक पान

मॉडेल, व्हेरियंट, इंधन आणि दोन चालतील असे रंग आधी ठरवा. "वरचं व्हेरियंट बघू का?" हा विचार सेल्समनसमोर बसून करायचा नाही. तिथे बसून केलेला फेरविचार नेहमी वरच्याच दिशेने जातो.

मग कंपनीच्या वेबसाइटवरून पुण्याची एक्स-शोरूम किंमत (रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा सोडून) लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला आहे. लहान गाड्यांना १८ टक्के लागतो आणि मोठ्यांना ४० टक्के. त्यामुळे मित्राने गाडी घेतली तेव्हाचा जुना कागद समोर ठेवून तुलना करू नका.

पुढचं गणित घरीच करा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स असा लागतो: दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ टक्के, त्यापुढे १३ टक्के. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के आहेत. सीएनजी आणि इलेक्ट्रिकचे दर वेगळे आहेत. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर कर बराच जास्त बसतो. नोंदणीचं शुल्क ६०० रुपये, आणि कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे १,५०० रुपये. एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या वर गेली की १ टक्का टीसीएसही (डीलरने तुमच्याकडून गोळा करून सरकारला भरायचा आयकर) येतो. तो आयकर विवरणपत्र भरताना तुमच्या करात वळता होतो, म्हणून ती पावती जपून ठेवायची.

दहा लाखांच्या सीमेवर दोन व्हेरियंट असतील तर हे गणित नक्की करा. ९,९५,००० च्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १,०९,४५० होतो. १०,१०,००० च्या गाडीला तो १,२१,२०० होतो आणि वर १०,१०० टीसीएस. शोरूममध्ये "फक्त पंधरा हजारांचा फरक आहे, साहेब" असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात त्या दिवशी खिशातून ३६,८५० रुपये जास्त जातात. टीसीएस पुढे वळता झाला तरी फरक पंधरावर थांबत नाही.

तपासा: सरकारी रकमा आणि एक्स-शोरूम किंमत मिळून किती होतं, हे पानाच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे का? हाच तुमचा पाया. याच्या वर जे काही येईल ते जवळजवळ सगळं बोलणीचं आहे.

२. दिवस निवडताना

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टार्गेट पुरं करायची घाई असते, हे खरं आहे. मार्चअखेर आणि डिसेंबरातही असते. पण पुण्यात मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो पितृपंधरवडा. त्या दिवसांत बरेच लोक खरेदी टाळतात. शोरूममध्ये वर्दळ नसते आणि मॅनेजर निवांत बसून बोलतो. घरच्यांना त्या दिवसांत पैसे द्यायला नको असतील तर तेव्हा फक्त बोलणी करा, लेखी भाव घ्या आणि टोकन घटस्थापनेला भरा. गाडी दसऱ्याला दारात येते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाव करायला गेलात तर समोरच्याला तुमची गरज नसते. गुढीपाडव्याचंही तसंच.

सावध: कंपनीच्या सवलती महिन्याला बदलतात आणि बहुतेकदा बिल कोणत्या महिन्यात बनलं यावर लागू होतात. सप्टेंबरात ठरलेला भाव ऑक्टोबरच्या डिलिव्हरीला लागणार का, हे कोटेशनवर लिहून घ्या.

डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेताना मात्र जास्त सूट मागा. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष येतं, आणि गाडी विकताना घेणारा तेच वर्ष धरतो.

३. पहिली भेट: टेस्ट ड्राइव्हपुरती

पहिल्या भेटीत भावाचा विषय काढायचा नाही. गाडी चालवा. चांदणी चौकाचा चढ, घराजवळची अरुंद गल्ली, सोसायटीचं पार्किंग, जिथे रोज गाडी न्यायची आहे तिथे नेऊन बघा. त्या व्हेरियंटला वेटिंग आहे की यार्डात उभी आहे, हे विचारून घ्या. भाव किती हलेल ते यावरून कळतं. चार महिने वेटिंग असलेल्या गाडीवर कॅश डिस्काउंट मिळणं कठीण. तिथे ताकद विम्यावर, ॲक्सेसरीजवर आणि कर्जावर लावायची.

तीन गोष्टी या भेटीत बोलू नका: तुमचं बजेट, महिन्याला किती हप्ता झेपतो, आणि जुनी गाडी द्यायची आहे ही गोष्ट. हप्त्याचा आकडा सांगितला की पुढचं सगळं संभाषण हप्त्यात होतं आणि एकूण किंमत नजरेआड जाते. सात वर्षांचा हप्ता कमी दिसतो, पण व्याज वाढत राहतं.

४. तीन ठिकाणची लेखी कोटेशन्स

एकाच कंपनीच्या किमान तीन वेगवेगळ्या डीलरांकडून कोटेशन घ्या. बाणेर, हडपसर, नगर रोड, सातारा रोड, पिंपरी-चिंचवड, जिथे सोयीचं असेल तिथून. इथे एक चूक फार होते. एकाच डीलरच्या दोन शाखांत जाऊन लोकांना वाटतं की दोन कोटेशन्स मिळाली. पाटीवरचं मालकाचं नाव बघा. नाव एकच असेल तर भावही एकच असणार. राज्यातल्या कुठल्याही नोंदणी कार्यालयात गाडीची नोंदणी होऊ शकते, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातला भावही विचारायला हरकत नाही. फक्त एमएच-१२ किंवा एमएच-१४ चा नंबर करून मिळेल ना, हे आधी विचारा.

कोटेशन तोंडी घ्यायचं नाही. "ऑन-रोड अकरा ऐंशी पडेल" (म्हणजे सगळं धरून ११.८० लाख) या वाक्याला काही किंमत नाही. डीलरच्या लेटरहेडवर किंवा त्यांच्या अधिकृत ईमेलवरून ओळीओळीने मागा. मी मागतो तो मेसेज असा (आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी कमाल विमा रक्कम, ॲड-ऑन म्हणजे मूळ विम्यावर घेतलेलं जादा संरक्षण):

"नमस्कार. अमुक मॉडेल, अमुक व्हेरियंट, रंग पांढरा किंवा राखाडी. कृपया एक्स-शोरूम, रोड टॅक्स आणि नोंदणी, विमा (आयडीव्ही आणि ॲड-ऑनसह), फास्टॅग, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि इतर आकार वेगवेगळे लिहून पाठवा. सवलती प्रत्येक नावाने वेगळ्या दाखवा. बाहेरून विमा घेतल्यास एकूण किती, तेही लिहा."

शेवटचं वाक्य विसरू नका. एकच भाव विमा आतला घेऊन आणि बाहेरचा घेऊन, असा दोन्ही प्रकारे लेखी मिळाला की विम्याच्या ओळीत किती हवा आहे ते लगेच दिसतं.

तपासा: तिन्ही कोटेशन्समध्ये रोड टॅक्सची रक्कम एकच आहे का? कर सगळीकडे सारखाच असतो. एकाची रक्कम पाच-सहा हजारांनी जास्त असेल तर ती गोल करून फुगवलेली आहे.

५. कुठली ओळ हलते, कुठली हलत नाही

एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते. तिच्यावर सवलत मिळते, ती किंमत बदलत नाही. कर, नोंदणी, टीसीएस हलत नाहीत. इथे घासाघीस करून वेळ घालवू नका.

सवलतींची नावं एकेक करून विचारा, कारण विचारल्याशिवाय सगळी सांगितली जात नाहीत: कॅश डिस्काउंट, एक्स्चेंज बोनस (जुनी गाडी दिल्यावर), कॉर्पोरेट (ठरावीक नोकरीत असणाऱ्यांना), जुन्याच कंपनीची गाडी असेल तर लॉयल्टी, गाडी भंगारात काढली असेल तर स्क्रॅपेज. हिंजवडी, मगरपट्टा, खराडीच्या आयटी कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांना कॉर्पोरेट सवलत माहीत असते. पण शिक्षक, डॉक्टर, बँक कर्मचारी, सरकारी नोकर यांच्यासाठीही ती अनेक कंपन्यांकडे असते आणि तेच लोक विचारत नाहीत. आयकार्ड सोबत ठेवा. लष्करात असाल किंवा निवृत्त असाल तर सीएसडीचा (लष्कराच्या कॅन्टीनचा) भाव आधी काढा, तो मार्गच वेगळा आहे.

या सवलती बहुतांशी कंपनीच्या. डीलरच्या स्वतःच्या खिशातलं सुटतं ते पुढच्या ओळींत.

हँडलिंग किंवा लॉजिस्टिक्स: ही ओळ पूर्ण काढायला सांगा. एक्स-शोरूम म्हणजे शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीची किंमत. गाडी तिथवर आणण्याचे वेगळे पैसे कशाचे? शांतपणे एवढंच विचारा. कमी करायला तयार झाले तरी "शून्य करा" म्हणा. ही ओळ कधीकधी 'डेपो चार्ज', 'सर्व्हिस चार्ज' किंवा 'आरटीओ फॅसिलिटेशन' अशा नावानेही येते.

ॲक्सेसरीज: 'एसेन्शियल किट' घेतलंच पाहिजे असं काही नसतं. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर बाहेर काय भावाने मिळतात ते बघून या आणि मग त्याच फुकट मागा. सिरॅमिक कोटिंग, टेफ्लॉन, अंडरबॉडी कोटिंग ही नावं डिलिव्हरीच्या आठवड्यात पुन्हा निघतात, तेव्हाही नको म्हणा.

वाढीव वॉरंटी मला स्वतःला घेण्यासारखी वाटते, ती कंपनीची असेल तर. डीलरची किंवा तिसऱ्याच कुणाची असेल तर नको. सूट मिळत नसेल तर तिच्या बदल्यात ही वॉरंटी मागून घ्या.

६. विमा: सगळ्यात जास्त पैसे इथे जातात

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा) सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता सरकार ठरवतं. तो सगळ्या कंपन्यांत सारखाच. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, म्हणजे ओन डॅमेजमध्ये, आणि ॲड-ऑनमध्ये.

माझ्या मामेबहिणीच्या गाडीच्या वेळी शोरूमच्या कागदावर विमा ५२,००० होता. त्याच रात्री आम्ही बाहेर बघितलं. आयडीव्ही तीच, झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट (इंजिनच्या नुकसानीची भरपाई) आणि रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाइतकी रक्कम) हे तिन्ही ॲड-ऑन तेच, आणि आकडा ३८,५००. दुसऱ्या दिवशी तो मोबाइलवर दाखवल्यावर शोरूमने ४०,००० केला. कागदावरची पॉलिसी बदलली नव्हती, फक्त रक्कम बदलली.

मग आम्ही शोरूमचाच घेतला. दीड-दोन हजारांसाठी बाहेर जाण्यापेक्षा त्यांच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस (दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने थेट भरणं) सुरळीत होणं मला महत्त्वाचं वाटतं. फरक दहा हजारांचा असता तर नसता घेतला. "बाहेरचा विमा चालत नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांप्रमाणे डीलर ठरावीक पॉलिसीची सक्ती करू शकत नाही.

तुलना करताना लोक दोन ठिकाणी फसतात. एक, आयडीव्ही. नव्या गाडीची आयडीव्ही साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते. ती खाली आणून हप्ता स्वस्त दाखवलेला असू शकतो. दोन, जुनी गाडी विकताना मिळणारा नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो, आणि ओन डॅमेजच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत सूट देतो. जुन्या विमा कंपनीकडून एनसीबीचं प्रमाणपत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं.

तपासा: मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तुमच्याकडे दुसऱ्या गाडीवर किंवा स्वतंत्र आहे का? असेल तर इथे पुन्हा घ्यायची गरज नाही.

७. कर्ज आणि जुनी गाडी: दोन्ही बाजूला ठेवा

बँकेतून कर्ज आधी मंजूर करून ठेवा, शोरूमचं कर्ज नंतर बघा. शोरूम जो दर सांगेल त्यावर पहिला प्रश्न: फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज) की रिड्यूसिंग (उरलेल्या रकमेवरच व्याज)? आठ लाखांवर पाच वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट म्हणजे हप्ता १८,००० रुपये. बँकेच्या रिड्यूसिंग भाषेत तो दर सुमारे साडेबारा टक्के होतो. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडण्याचा दंडही विचारा.

जुन्या गाडीची किंमत शोरूमला जाण्याआधी दोन-तीन ठिकाणी काढून घ्या. शोरूममध्ये मात्र नव्या गाडीचा भाव लेखी झाल्यावरच जुनीचा विषय काढायचा. आधी काढला की नव्यात दिलेले दहा हजार जुन्यात कापले जातात आणि तुम्हाला कळतही नाही. बाहेर विकलेल्या गाडीचं ट्रान्सफर झालेलं आरसी दाखवल्यावर एक्स्चेंज बोनस देतात का, तेही विचारा. अनेक ठिकाणी देतात.

सावध: जुनी गाडी सोपवताना तारीख आणि वेळ लिहिलेली सही-शिक्क्याची पोच घ्या. नाव बदलेपर्यंतची चलनं तुमच्याच नावावर येतात.

८. बोलणीचा दिवस

आता मॅनेजरला भेटायचं. सेल्समनच्या हातात एका मर्यादेपुढे काही नसतं, त्याला पिळून उपयोग नाही. त्याच्याशी नीट वागा, पुढे सगळी कामं तोच करून देणार आहे.

गाडीवर ज्याचा जीव जडला आहे त्याने या दिवशी घरी थांबावं. मामेबहिणीने तिच्या वडिलांना आणलं नव्हतं, कारण मामा रंग बघूनच हो म्हणाले असते.

केबिनमध्ये तिने वहीचं पान टेबलावर ठेवलं. वर तिची बेरीज, खाली दुसऱ्या डीलरचं कोटेशन. म्हणाली, "हँडलिंग काढा, विमा चाळीस हजारांना, आणि हा आकडा लिहून दिलात तर मी आत्ता बुकिंग करते."

"ताई, खरंच परवडत नाही. यात माझं काहीच उरत नाही."

ती काही बोलली नाही. मीही नाही. चहा आला. मॅनेजर 'वर विचारून येतो' म्हणून बाहेर गेले आणि दहा मिनिटांनी परत आले. हँडलिंगवर रेघ मारली, विम्याचा आकडा बदलला आणि म्हणाले, "मॅट आणि मडफ्लॅप घाला यात, पण वॉरंटीचे पूर्ण द्या." आमच्या आकड्यापेक्षा ते चार हजारांनी वर थांबले. ते तिने दिले.

त्या गप्प बसण्याचा खूप उपयोग होतो. बहुतेक जण तिथे घाबरून स्वतःच आकडा वाढवतात. "बरं, निम्मं तरी करा" हे वाक्य त्यांच्या आधी तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. एकच आकडा, ऑन-रोडची पूर्ण बेरीज, आणि तो दिला तर आजच बुकिंग. समोरच्यालाही तेच हवं असतं, त्यामुळे हे धमकीसारखं वाटत नाही.

दुसऱ्या डीलरचा खोटा आकडा सांगू नका. मॅनेजरला बाजार माहीत असतो. आणि "आजच्या दिवसापुरतीच ऑफर आहे" म्हटल्यावर विचारा, "कंपनीची की तुमची?" कंपनीची ऑफर सहसा महिनाअखेरपर्यंत असते.

ठरलं नाही तर उठा. नमस्कार करा, नंबर द्या, निघा. फोन येतो, बऱ्याचदा महिन्याच्या २८ किंवा २९ तारखेला.

९. बुकिंग: सही करण्याआधीची पाच मिनिटं

बुकिंग फॉर्मवर बहुधा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव लागू राहील. वेटिंग असेल तर हे वाचून घ्याच. ठरलेला पूर्ण हिशेब, फुकट दिलेल्या वस्तू, रंग, उत्पादनाचा महिना, डिलिव्हरीची तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास किती कापणार, हे सगळं फॉर्मवर सही-शिक्क्यासह असलं पाहिजे. "मॅडम, ते मी बघतो" या शब्दावर थांबू नका. तो सेल्समन पुढच्या महिन्यात दुसऱ्या शोरूममध्ये असू शकतो.

टोकन कमीत कमी द्या. पैसे फक्त डीलरच्या नावाच्या खात्यात. सेल्समनच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याने बंदी आहे, म्हणून मोठ्या रकमा चेकने किंवा आरटीजीएसने.

१०. गाडी बघणं, उरलेले पैसे, पासिंग

क्रम असा: आधी गाडी बघायची, मग पूर्ण पैसे, मग पासिंग. एकदा तुमच्या नावावर पासिंग झालं की गाडी नाकारणं जवळजवळ अशक्य होतं. यार्ड बहुधा गावाबाहेर असतं आणि "तिथे कस्टमरला नेत नाही" असं सांगतात. बोलणीच्या दिवशीच ही अट फॉर्मवर लिहून घेतली असेल तर नेतात.

दिवसाउजेडी जा. चेसिस नंबर लिहून घ्या आणि बिलावर तोच आहे का ते नंतर जुळवा. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३४२५ म्हणजे २०२५ चा चौतिसावा आठवडा. पाचही टायर बघा. ओडोमीटर, रंगातला फरक, दारांच्या फटी, काचांवरचे ओरखडे, एसी, सगळी बटणं.

मुहूर्तावर गाडी हवी असेल तर पैसे आणि कागद आठवडाभर आधी पोहोचले पाहिजेत. पाडव्याच्या आणि दसऱ्याच्या आधी पासिंगची एकच गर्दी उसळते.

गाडी घरी आली, हार घातला, पेढे वाटले की बरेच जण फाइल कपाटात टाकतात. एक काम राहिलेलं असतं. रोड टॅक्स आणि नोंदणीची सरकारी पावती मागा आणि त्यावरची रक्कम कोटेशनमधल्या 'आरटीओ' या ओळीशी जुळवा. शोरूमने १,१५,००० घेतले आणि पावती १,१०,००० ची निघाली, तर उरलेले पाच हजार तुमचे आहेत. दोन्ही कागदांच्या प्रती जोडून ईमेल करा, सात दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.